बिनखिळ्याच्या पेटीसाठी रंधा

जरा जवळ सरक गं पोरी. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. लांब तर तू आहेसच, पुण्याला, आणि फोन करतेस तोही भाजी परतता परतता, म्हणजे मला तुझ्यापेक्षा तुझी कढईच जास्त ऐकू येते. मागच्या वेळी मी रंध्याचं सांगायला लागले तर तू म्हणालीस, "काकू, एका पेटीसाठी एवढं फिरलीस? मशीन मागवायचं, दोन मिनिटांचं काम." आणि ठेवलास फोन. दोन मिनिटांचं काम म्हणे. म्हणून आता लिहून काढते. लिहिलेलं कुणाला मधेच तोडता येत नाही. येतं म्हणा, पण ते मला दिसत नाही.

आधी तुझ्या आईचं सांगते, मग रंध्याचं.

आपली कानबाई तुला माहीत आहे, पण तुझ्या शेजारणीपाजारणी वाचतील त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. देवी म्हणजे एक नारळ. डोळे रेखलेला, नथ घातलेला, वर्षानुवर्षं तोच. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचा, परत आणायचा आणि पुढच्या श्रावणापर्यंत जपून ठेवायचा. तो ज्या घरी, त्या घरी सगळे भाऊबंद. दोन दिवस प्रसादाचे रोट खायचे, भांडायचं, एकमेकांच्या सुनांची चौकशी करायची आणि जायचं. आपल्या कुळाची ही देवी एकेचाळीस वर्षं जळगावात, तुझ्या आईकडे. पूजेला जोडी कुठलीही बसो, घर तिचंच. तुझे बाबा गेल्यावर तर वर्षातले तेवढे दोनच दिवस त्या घरात पायताणांना दाराबाहेर जागा पुरत नाही. बाकीचे दिवस एकच जोड असतो.

मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ग्रुपवर ठरलं की आता देवी धाकट्या घरी, म्हणजे धुळ्याला, देवपूरला, माझ्याकडे न्यायची. अक्कांना त्रास नको. तेरा जणांनी अंगठे दाखवले. तुझी आई ग्रुपवर नाही. तिला दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देसू ना. पण तिले पेटी कर. लाकडाची. खिळा नको, स्क्रू नको. देवीले लोखंड चालत नही."

मी म्हटलं, "करसू."

तिला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही, तुला मात्र आधीच सांगून ठेवते. देवी गेली की आपल्या घरी कोण येणार, एवढीच तिची धाकधूक होती. पेटी तयार झाली की देवी जाणार, म्हणून तिने पेटी अवघड करून ठेवली. आणि मी अशी बैल, की अवघड म्हटल्यावर मला चेवच आला. शिवाय खोटं कशाला बोलू, देवी माझ्याकडे येणार म्हणून मी आनंदात होते. आमच्या गल्लीत सात घरी सांगून झालं होतं.

आता रंधा. मी सुतारकाम कशी शिकले हे तुला ठाऊक आहे, पण तू ते लोकांना चुकीचं सांगतेस. कुठल्या क्लासला गेले नाही मी. आमच्या स्वयंपाकघराची कपाटं करून सुतार गेले आणि एक दार लागेना. सुतार म्हणाले उद्या येतो. ते उद्या अजून यायचे आहेत. सहा महिन्यांनी मी एक रंधा आणला आणि दार तासलं. दार लागलं. मग ते इतकं तासलं गेलं की आपोआप उघडायला लागलं, ते वेगळं. तेव्हापासून पाट केले, स्टुलं केली, शेजारच्यांच्या पोळपाटांना पाय लावले. मोबाइलवर परदेशातले म्हातारे सुतार बघते. भाषा कळत नाही, आवाज बंदच ठेवते. हात बघायचे. तोंडाने सुतार जे सांगतो त्यातलं अर्धं तसंही दुसऱ्या सुताराबद्दल असतं.

खिळ्याशिवाय पेटी करायची तर चारही फळ्या कोपऱ्यात दातात दात घालून अडकवाव्या लागतात, ते मला येतं. तळ आणि झाकण मात्र खाचेत बसवावं लागतं. फळीच्या आतल्या अंगाने, कडेपासून सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची एक सरळ नाली पाडायची. तळ त्या नालीत अडकतो, झाकण वरच्या नालीतून सरकतं. पटाशीने ठोकून पाडली तर ती आपल्या गल्लीतल्या गटारीसारखी होते, कुठे रुंद, कुठे उथळ. त्यासाठी झिरीचा रंधा लागतो. साधा रंधा फळी सपाट करतो, हा फळीत खाच पाडतो. पातं बोटाएवढंही रुंद नसतं. एका बाजूला पट्टी असते, ती फळीच्या कडेला घासत चालते, म्हणून खाच वाकडी जात नाही. आणि एक छोटा खूर असतो, खाच हवी तेवढी खोल झाली की तो फळीवर टेकतो आणि पातं आणखी खाली जाऊ देत नाही.

हा रंधा धुळ्यात मिळेना.

हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, बरोबर कुणी पुरुष आहे का म्हणून. मागे फक्त स्कूटर होती.

"मावशी, झिरीचा रंधा आता कोण वापरतं? हे मशीन घ्या. पाच मिनिटांत खाच."

त्याने मशीन चालू करून दाखवलं. दुकानातलं मांजर त्या आवाजाने जे गेलं ते माझ्यासमोर तरी परत आलं नाही.

"मला पाच मिनिटांत नको," मी म्हटलं. "मला श्रावणापर्यंत वेळ आहे."

शेवटी तो म्हणाला की लोखंडी झिरीचा रंधा मागवून देतो, आठ-दहा दिवस लागतील, आला की बघा, नाही आवडला तर परत पाठवू. मी बरं म्हटलं. पण तेवढ्यात घरी बसवेना. तुझे काका म्हणाले दोंडाईच्याला कुणाकडे जुनी सुतारी हत्यारं विकायला काढली आहेत, त्यांनी पेपरात वाचलं. तुझे काका पेपर असा वाचतात की त्यात आपल्या कामाचं एक वाक्य असलं तरी संध्याकाळपर्यंत ते बाहेर येतं.

मी पिशवीत एक दीड हाताची सागाची फळी घेतली. बांगड्या घेताना आपण हात नेतो की नाही? तसंच. ज्या रंध्याने खाच पाडायची तो आपल्या फळीवर चालवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "फळी." त्याने तिकीट दिलं.  धुळे ते दोंडाईचा मी आणि फळी खिडकीजवळ बसून गेलो.

तिथला रंधा देखणा होता गं. नुसता देखणा. शिसवाचा, तेल पिऊन काळाभोर झालेला, मुठीला कुणाच्या तरी अंगठ्याने खड्डा पडलेला. विकणारा गृहस्थ म्हणाला, "घ्या. हॉटेलवाले भिंतीवर लावतात हे."

"मला चालवायचाय."

"चालवायचाय?" त्याने तो माझ्या हातातून परत घेतला आणि उलटून बघितला, जणू त्याला खाली चाकं आहेत का ते तपासत होता.

मी त्याच्या ओट्यावर फळी टेकवली आणि चालवून बघितला. पहिली गोष्ट, तो अंगठ्याचा खड्डा माझ्या अंगठ्यापेक्षा दुप्पट मोठा. माझा अंगठा त्यात पाहुण्यासारखा बसला. दुसरी गोष्ट, कडेची पट्टी पक्की ठोकलेली, हलतच नाही. म्हणजे खाच नेहमी कडेपासून अर्ध्या इंचावरच पडणार. आणि पातं चार सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं सगळं सुतात चालतं. चार सूत म्हणजे अर्धा इंच रुंद खाच. माझ्या पेटीचा तळ आणि झाकण दोन सुतांचे. अर्ध्या इंचाच्या खाचेत दोन्ही खुळखुळली असती. तो रंधा दरवाजे करणाऱ्याचा होता. त्याला माझ्या नारळाशी काही देणंघेणं नव्हतं.

"मग भिंतीवर लावा," तो गृहस्थ म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्या भिंतीवर तुझ्या सासऱ्यांचा फोटो आहे." जीभच घसरली. मलाही नीट कळलं नाही मी असं का म्हणाले. सासरे माझे. मी चहा पिऊन निघाले.

परत येईपर्यंत लोखंडी रंधा दुकानात आला होता. निरोप आला तो शनिवारी. आता शनिवारी लोखंड विकत घेऊ नये हे तुझ्या आईनेच मला लग्न होऊन आल्यावर शिकवलेलं. एकदा मी शनिवारी विळी आणली तर तिने ती रविवारी सकाळपर्यंत ओट्यावरच ठेवायला लावली होती, आत येऊ दिली नव्हती. आणि हे तर देवीचं काम. मी तिलाच फोन लावला.

"अक्का, रंधा आलाय. लोखंडाचा आहे. आज शनिवार."

"शनिवारले लोखंड? देवीना कामले? नको बाई. ऱ्हाऊ दे मंग औंदा."

औंदा म्हणजे यंदा. ती किती चटकन म्हणाली ते मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "औंदा कशाला? सोमवारी आणते."

"आनि देवीनी पेटीले लोखंडनं पातं लागी ना?"

आता हे मात्र मला सुचलंच नव्हतं. पेटीत खिळा नको, पण पेटी ज्याने करायची ते पातं लोखंडाचंच. करवत लोखंडाची. झाड तोडणारी कुऱ्हाडसुद्धा लोखंडाची. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने विचार केला. तुझी आई कायद्याला पक्की आहे, स्वतः केलेला असला तरी.

"लागनं ते चाली जाई," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हायनं नही पायजे."

लागून गेलं तर चालेल, राहिलं नाही पाहिजे. एवढा स्वच्छ निकाल मी कोर्टातही ऐकला नाही. कोर्टात मी एकदाच गेले आहे, त्यांनी तारीख दिली.

सोमवारी दुकानात जाऊन तो रंधा बघितला. पेटीत कापडात गुंडाळलेला, सात पाती, बारीक ते जाड. दोन सुती पातंही होतं, मला हवं ते. कडेची पट्टी दोन सळ्यांवर सरकते, हवी तिथे आणून स्क्रूने आवळायची. दिसायला असा, की घड्याळजीने रेल्वेचं इंजिन केलं असावं. दुकानदाराने गल्ल्याजवळ माझी फळी शिकंज्यात धरून दिली, तोवर त्याला माझी सवय झाली होती. मी पट्टी लावली, स्क्रू आवळला आणि चालवला. तीन हात मारले आणि पट्टी सरकली. खाच कडेपासून लांब लांब निघाली, सासरी जाणाऱ्या पोरीसारखी, आधी हळूहळू आणि मग एकदम.

दोष रंध्याचा नव्हता. स्क्रूचं डोकं वाटाण्याएवढं, आणि माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, त्यात जोर येत नाही. दुकानदाराने आवळून दिला तर पट्टी हलली नाही. पण प्रत्येक वेळी स्क्रू आवळायला दुकानदार कुठून आणू?

"मावशी, घरी काका आहेत ना?"

"आहेत. ते पेपर वाचतात."

देखणा होता तो चालेना, चालणारा होता तो आवळता येईना. मला कुणीतरी सोनगीरच्या एका सुताराचं सांगितलं होतं, सगळे त्याला नाना म्हणतात, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, अजून हाताने काम करतो. मी दुकानदाराकडून रंधा दोन दिवस मागून घेतला, फळी घेतली आणि सोनगीरला गेले.

नाना दाराच्या सावलीत बसले होते. मी रंधा पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. आधी मला म्हणाले, "तुमचा हात दाखवा."

मी हात दाखवला. त्यांनी तो ज्योतिष्यासारखा नाही, म्हशीचा खूर बघावा तसा बघितला, उलटा-सुलटा.

"हा अंगठा गेलेला आहे," ते म्हणाले.

"गेलेला नाही, दुखतो."

"तेच." मग त्यांनी रंधा घेतला, डोळ्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून लांबून बघितला. "रंधा घेताना लोक पातं बघतात. पातं काय, दगडावर घासलं की धार येते. बघायची ही कडेची पट्टी. ही आणि ही खालची जीभ, खाचेत उतरते ती, दोघी समांतर हव्यात. पुढे जवळ आणि मागे लांब असलं तर तो रंधा फेकून द्यायचा, मग तो सोन्याचा असो. ही सरळ आहे."

"पण सरकते."

"पट्टी सरळ असली तर सरकणं थांबवता येतं. पट्टी वाकडी असली तर काही करता येत नाही." ते आत गेले आणि एक डबी घेऊन आले. त्यात पंखाचे नट होते, दोन कान असलेले, पितळी. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, तिथे पितळेची काय कमी. एकेक लावून बघत त्यांनी दोन बसवले. "आता अंगठा नको. तळव्याने ढकला."

मी तळव्याने ढकललं. बसलं घट्ट. मग त्यांनी पट्टीला आतून बाभळीचा एक लांब तुकडा लावून दिला, म्हणजे कडेला धरायला जास्त लांबी मिळते आणि डाव्या हाताने दाबायला जागा होते. आणि म्हणाले, "कुठून सुरुवात करता?"

"इकडून. माझ्याकडून."

"म्हणून सरकते. पुढच्या टोकापासून सुरू करायची. पहिला हात वीतभर, अगदी टोकाशी. मग थोडं मागे या, पुन्हा पुढे जा. मग आणखी मागे. मागे मागे येत राहायचं. म्हणजे रंध्याला पुढे आधीच पाडलेली वाट असते, तो भरकटत नाही."

मी फळीच्या पुढच्या टोकापासून सुरू केलं आणि मागे मागे आले. खाच पडली. सरळ, गुळगुळीत, आणि वर लांब छिलका निघाला, शेवईसारखा. नानांनी खाचेत बोट फिरवलं आणि फळी मला परत दिली, म्हणजे बरी झाली.

"करायचंय काय?" त्यांनी विचारलं.

"कानबाईची पेटी. बिनखिळ्याची. जाऊबाई म्हणतात देवीला लोखंड चालत नाही."

"असं?" नाना म्हणाले. "आमच्याकडे देवी कापडात असते." आणि ते पुन्हा सावलीत जाऊन बसले.

रंधा घेतला मी तोच. दुकानदाराला नट दाखवले, तो म्हणाला हे बरं केलंत. पेटीला मला पाच आठवडे लागले. एका जुन्या खिडकीचा साग होता, त्यात पहिल्या दोन फळ्या वाया गेल्या. एका फळीला मी खाच बाहेरच्या बाजूने पाडली. सुंदर पडली होती. तुझे काका म्हणाले, "पेटी उलटी घालता येत नाही का?" मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

ज्या दिवशी झाकण पहिल्यांदा अडकल्याशिवाय शेवटपर्यंत सरकलं, त्या दिवशी मी ते बत्तीस वेळा उघडलं आणि लावलं. तुझे काका पेपर खाली ठेवून बघत होते. मग म्हणाले, "छान झाली. वहिनींना आवडेल. आता त्यांचा तो डबा कशाला वापरतील?"

"कुठला डबा?"

"देवीचा. बिस्किटांचा."

"कसला बिस्किटांचा?"

"पत्र्याचा. वरती लाल कापड असतं. आत पत्र्याचा डबा आहे, मोठा, चौकोनी. दादानं आणला होता. मीच झाकण ठोकून बसवलं होतं एकदा. एकेचाळीस वर्षं त्यातच आहे देवी."

मी पेटीचं झाकण लावलं.

"पत्रा म्हणजे लोखंडच ना?" तुझे काका म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

दरवर्षी मी ते लाल कापड बघितलं. दरवर्षी नमस्कार केला. आत काय आहे ते विचारलं नाही. देवीला लोखंड चालत होतं, चांगलं चालत होतं, चार दशकं. पत्राच होता ना तो. "ऱ्हायनं नही पायजे" म्हणणारीच्या घरी लोखंड मुक्कामाला होतं. मग "औंदा ऱ्हाऊ दे" किती चटकन आलं ते मला आठवलं, आणि मी आमच्या ओट्यावर पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले. सात घरी सांगून झालं होतं गं. एकीने तर मला वाढायची पातेली देऊ केली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन जळगावला गेले. न सांगता.

दार उघडंच होतं. आणि घरभर गाद्या. अंगणात गाद्या, ओट्यावर गोधड्या, गॅलरीच्या कठड्यावर उशा, सगळं उन्हात घातलेलं. कामाला येणाऱ्या बाईकडून काढून घेतलं असणार सगळं, नाहीतर ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने कुठून. मी मोजलं नाही, पण वीस माणसं झोपतील एवढं अंथरूण होतं. दरवर्षी कानबाईच्या आधी ती हे ऊन दाखवते. यंदा कुणी येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी घातलं होतं.

मला बघून ती म्हणाली, "वास येत होता गाद्यांना. म्हणून."

"हो," मी म्हटलं.

मग मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. तिने चष्मा घातला, काढला आणि बोटांनीच बघायला लागली. कोपरे बघितले. झाकण सरकवलं. आत हात घालून खाचेतून करंगळी फिरवली, चारही बाजूंनी. तुझ्या आईची करंगळी म्हणजे सुताराचा गुण्याच.

"आठे खरबडीत शे." आठे म्हणजे इथे.

होतं. एका कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं. नानांनाही ते सापडलं नसतं.

"एक खिळा नही?"

"एक नही."

ती बराच वेळ झाकण पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, "चांगली झायी." आणि पेटी बाजूला ठेवून म्हणाली, "ली जाय मंग. देवी भरी देस."

घेऊन जा मग, देवी भरून देते. आणि उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हणं बाहेर न काढता.

मी म्हटलं, "अक्का, बसा. एक अडचण आहे."

"काय?"

"पेटी मोठी झाली. माझ्याकडे मावत नाही."

तिने पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "दहा इंचनी पेटी?"

"हो."

"देवघरमा मावत नही?"

"नही."

"कपाटमा?"

"कपाटाचं दार आपोआप उघडतं."

हे मात्र खरं होतं. तिने चष्मा पुन्हा घातला आणि मला नीट बघितलं. "तीन खोल्यांनं घर शे तुनं."

"लहान शे अक्का."

"गच्ची शे."

"गच्चीवर देवी ठेवू?"

ती हसली नाही. पदराने पेटीवरची धूळ पुसली, जी नव्हती. मग म्हणाली, "मंग आठेच ऱ्हाऊ दे. काय करसू. देवीनं बठ्ठं तिनंच आवडीवर ऱ्हास." बठ्ठं म्हणजे सगळं.

"तेच ना."

"पन रोट कोन दळी? मना गुडघा?"

"मी आठ दिवस आधी येते. मी दळते, मी थापते. तुम्ही खुर्चीवर बसून चुका काढायच्या."

"ते मी करसू," तुझी आई म्हणाली.

मग थोड्या वेळाने, गादीची कड उलटी करता करता, तिने विचारलं, माझ्याकडे न बघता. "बठ्ठा येतीन का?"

"येतीन. कोठे जातीन?"

मी तिथूनच तुझ्या काकांना फोन केला आणि ग्रुपवर टाकायला सांगितलं. काय टाकू, म्हणाले. मी म्हटलं, काय वाटेल ते. त्यांनी टाकलं: "पेटी जळगावला बसली आहे. हलत नाही." एवढंच. खाली कुणी विचारलं, हलत नाही म्हणजे काय, तर काकांनी उत्तर दिलं नाही, ते पेपर वाचत होते. संध्याकाळपर्यंत बारा अंगठे आले. तेरावा मोबाइल रिचार्ज करायला विसरला होता.

गल्लीतल्या सात घरी मी स्वतः जाऊन सांगितलं की देवी काही येत नाही. पातेलीवाली म्हणाली, अरेरे, का गं? मी म्हटलं, घर लहान पडलं. ती माझ्या घरी दर आठवड्याला भिशीला येते, चौदा बायकांसह. पातेली परत आत ठेवली बिचारीने.

ही झाली त्या एका पेटीची दोन मिनिटं. आता तू ऐक. तुझी आई तुला फोनवर कधी ये म्हणायची नाही, ती म्हणेल, कामं असतील तुला. ती माझ्याशी पेटी मागून बोलली, तुझ्याशी काय मागून बोलेल कुणास ठाऊक, आणि प्रत्येक वेळी मला इतकं सुतारकाम जमणार नाही. गाद्या उन्हातून आत घेऊन झाल्या, तुझी दारापाशी घातली आहे, तू उशिरा येतेस आणि सगळ्यांवरून उड्या मारत आत जातेस म्हणून. रविवारची वाट बघू नकोस. आधी ये. रिकाम्या घरात ये, दोन दिवस तिच्याजवळ राहा, मग गर्दी होईल तेव्हा होईल. गाडीचं बघ आजच, आणि लवकर ये बाई.